फ्लॅग नको, हेतू लिहा

पोर्टेबल बिल्ड टूल्सवर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. १९९६ साली जीएनयू लिबटूल सुरू झालं तेव्हा युनिक्सच्या नाना जाती होत्या. आता लिनक्स, मॅक आणि विंडोज सांभाळलं की पुरे. मग मध्यस्थ कशाला? तीन ‘इफ’ लिहा, लिंकरला थेट फ्लॅग द्या, मोकळे व्हा.

ते तीन ‘इफ’ खरंच लिहून बघावेत. लायब्ररीतली मोजकीच फंक्शन्स बाहेर दिसावीत, एवढंच हवं आहे. जीएनयू लिंकरला व्हर्जन स्क्रिप्ट लागते. मॅकच्या लिंकरला साधी यादी चालते, पण सी फंक्शनच्या प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर हवा. विंडोजवर डेफ फाइल. एकच यादी तीन ठिकाणी सांभाळायची, आणि नवं फंक्शन एकीकडे घालायचं राहिलं की ते कळणार वापरणाऱ्याच्या मशीनवर! लिबटूलला नावांची एक यादी दिली की पुढचं ते बघतं. आवृत्तीचंही तसंच: तुम्ही ५:१:२ लिहिता, लिनक्सवर फाइलच्या नावाला ३.२.१ लागतं, मॅक आणि विंडोजवर नुसता ३.

आक्षेपातलं खरं तेही मान्य करायला हवं. लिबटूलच्या ‘एलए’ फाइलींमुळे लिनक्सवर नको त्या लायब्रऱ्याही लिंक होत राहिल्या. डेबियनने त्या फाइली पॅकेजांतून काढल्या, हे योग्यच झालं. त्याहून गंभीर दोष वेगळा आहे. एकही सिम्बॉल अनडिफाइन्ड राहिला तर विंडोजवर डीएलएल बनत नाही. म्हणून ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय आधी द्यावा लागतो. तो दिला नाही, तर लिबटूल एक वॉर्निंग छापतं, फक्त स्टॅटिक लायब्ररी बनवतं आणि बिल्ड यशस्वी ठरतो. लांबलचक लॉगमधली ती ओळ कोण वाचणार? मागितलेली वस्तू बनली नाही, तर बिल्ड तिथेच थांबला पाहिजे.

पण यावर उपाय कच्चे फ्लॅग हा नाही. सीमेकने ३.२४ आवृत्तीत ‘होल आर्काइव्ह’ची सोय केली: संपूर्ण स्टॅटिक लायब्ररी आत घ्या, एवढंच सांगायचं, जीएनयू, ॲपल, मायक्रोसॉफ्ट या प्रत्येक लिंकरचा वेगळा फ्लॅग सीमेक स्वतः निवडतं. दिशा हीच बरोबर आहे. सिम्बॉल व्हर्जनिंगसारखी जी सोय मॅक आणि विंडोजवर नाहीच, तिच्यासाठी थेट फ्लॅगची वाट जरूर ठेवावी.

लायब्ररी सांभाळणाऱ्यांनो, त्या वाटेवर प्लॅटफॉर्मचं नाव तपासू नका. लिंकरला तो फ्लॅग चालतो का, हे तपासा. आणि टूल लिहिणाऱ्यांनो, ‘फक्त स्टॅटिक’ ही वॉर्निंग आता एरर करा.