अंकांची गंमत : १४२८५७

मुलामुलींनो, वही-पेन्सिल घ्या. आई-वडिलांनाही शेजारी बसवा.

१४२८५७ ही संख्या लिहा. तिला २ ने गुणा : २८५७१४. ३ ने : ४२८५७१. ४ ने : ५७१४२८. ५ ने : ७१४२८५. ६ ने : ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच. फक्त सुरुवात बदलते. आता ७ ने गुणा. सगळे नऊच : ९९९९९९!

ही जादू नव्हे. १ ला ७ ने भागत जा. दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक येतात. बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते आणि पुन्हा ३. बाकी फिरते, म्हणून अंकही फिरतात. २ ला ७ ने भागलेत तर याच फेऱ्यात मधून शिराल.

हिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून बेरीज करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांनी हे शोधले.

गणिताला घाबरू नका. कोणी सांगितले म्हणून मानूही नका. स्वतः करून पाहा.

घरचा अभ्यास : १४२ + ८५७ किती? १४ + २८ + ५७ किती?