बाटलीआधी नकाशा उघडा

१/८ पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या कारखान्यांतील तरुण पहिली वाइन घेताना दोनच प्रश्न विचारतो : परदेशी आहे का? महाग आहे ना? दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत, आणि ही चूक आजची नव्हे.

२/८ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापारग्रंथ पाहा. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य आहे आणि पहिली पसंती इटलीच्या मद्याला आहे. आयातीचा रुबाब असा दोन हजार वर्षांचा जुना!

३/८ कौटिल्य मात्र अधिक शहाणा. ‘अर्थशास्त्रा’त द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे प्रदेशावरून आली आहेत. मद्याची ओळख भूमीवरून, किमतीवरून नव्हे.

४/८ मग आपली भूमी कोणती? चाकणमधून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गावरच नारायणगाव आहे. तेथे १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडाज उद्योगाने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन घडवली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. पुढे २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले.

५/८ ‘जुनी तीच उत्तम’ हाही उसना समज. युरोपात द्राक्षे शरदात तोडतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी आणि उन्हाळा तापण्याच्या सुमारास काढणी. म्हणून एकाच सालाची आपली बाटली युरोपातील बाटलीहून काही महिन्यांनी वडील असते. साधी पांढरी वाइन तर ताजीच घ्यावी.

६/८ ‘देशी वाइन हलकीच’ म्हणणाऱ्यांनी आधी दुकान पाहावे. उन्हात तापलेल्या काचेआडची बाटली इटलीची असो वा नाशिकची, ती बिघडणारच. दोष साठवणीचा आणि शिक्षा मात्र द्राक्ष बागायतदाराला, हा कुठला न्याय?

७/८ जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइनविक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा एका बाजूने शेतकऱ्याची आण घातली गेली, दुसऱ्या बाजूने संस्कृतीची. त्या गदारोळात ग्राहकाचे शिक्षण हा विषय मागेच पडला.

८/८ वाइन औषध नव्हे. जो पीत नाही, त्याने आरंभ करण्याचे कारण नाही. परंतु जो घेणारच आहे, त्याने चार गोष्टी विचाराव्यात : द्राक्ष कोणते, गाव कोणते, साल कोणते, बाटली ठेवली कुठे होती? तिखट जेवणासोबत तुरट लाल वाइन टाळून थंड, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्यावी. किंमत शेवटी पाहावी. लाज बाळगायचीच असेल, तर आपल्याच तालुक्यांतील द्राक्षांची नावे ठाऊक नसल्याची बाळगावी.