सूर्याची वीज आणि गायरान कसणारा

वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे 2024 साली तीन मेगावॉटचे सौर वीजकेंद्र सुरू झाले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील राज्यातले हे पहिले केंद्र. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही चैन नव्हे. रात्री मोटार चालू करावयास गेलेली माणसे सर्पदंशाने दगावली आहेत. कोळसा कमी जळेल, कर्बवायू कमी सुटेल, हाही लाभ मोठाच. शिवाय कोळशाच्या विजेला पाणी लागते. 2015 साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही. तेव्हा सौर विजेला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न जमिनीचा आहे. खाजगी मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. परंतु सरकारी जमिनीही या कामी दिल्या जातात आणि त्यांत गायराने येतात. महसूल दप्तराच्या लेखी ते अतिक्रमण. भूमिहीन दलित कुटुंबाच्या लेखी ती दोन-तीन पिढ्यांची कसणूक. दादासाहेब गायकवाडांचा 1959 चा सत्याग्रह याच भूमिहीनांसाठी होता. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 साली घेतला. तरी अनेकांची नावे सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. ज्याचे नाव नाही त्याला भाडे नाही, भरपाई नाही. त्याला कोणी विचारतही नाही.

हा सारा कारभार शासन निर्णयांवर चालतो. कर्बवायूवर मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने केलेला नाही. महाराष्ट्राला हे अवघड आहे काय? 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला, म्हणून काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. (कुरकुर झाली, पण भरला!) ऊर्जेचाही असाच कायदा हवा. कर्बवायू दरसाल किती घटवायचा याचे बंधन त्यात सरकारवर असावे. गायरान कसणाऱ्याची नोंद व भाड्यातील वाटा ठरल्याखेरीज तेथे काम सुरू होऊ नये. आणि औष्णिक केंद्र बंद करताना कंत्राटी कामगाराला आधी पर्यायी काम मिळावे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडील एक-ई नमुन्यातील नोंदी उतरून घ्याव्यात, जुन्या दंडाच्या पावत्या गोळा कराव्यात आणि सौर केंद्राचा ठराव ग्रामसभेपुढे येण्याआधीच ही यादी तहसीलदाराकडे दाखल करावी.