उत्तरार्ध रटाळ नाही

‘सैराट’चा विषय निघाला की आमच्या माढा-करमाळा पट्ट्यात एक शेरा हमखास ऐकू येतो. मध्यंतरापर्यंत काय पिक्चर आहे राव, पुढं मात्र लई ताणलाय! बुलेट, ट्रॅक्टर, विहीर, उजनीचं पाणी, अजय-अतुलची गाणी, सगळं पूर्वार्धात. उत्तरार्धात नुसती हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी आणि नवरा-बायकोची भांडणं. २९ एप्रिल २०१६ला सिनेमा लागला तेव्हापासून हा शेरा ऐकतो आहे, आणि तो साफ चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. ‘सैराट’ हा उत्तरार्धाचाच सिनेमा आहे. पूर्वार्ध त्याची प्रस्तावना.

दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचा. जेऊर आमच्या कुर्डुवाडी जंक्शनच्या पश्चिमेला, पुण्याच्या वाटेवर. त्या बाजूने हैदराबादला जायचं तर गाडी कुर्डुवाडीवरूनच जाते. इथल्या फलाटांनी घर सोडणारी माणसं पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. कुणी गिरणीसाठी गेलं, कुणी बांधकामावर, कुणी बार्शी लाईट रेल्वेच्या काळी लातूरकडून आलं आणि इथंच राहिलं. पोट भरायला गेलेल्याला आपण स्थलांतरित म्हणतो. जीव वाचवायला गेलेल्याला मात्र ‘पळून गेलेली’ म्हणतो, आणि तिथंच विषय मिटवतो. मंजुळेने तो मिटू दिला नाही. पाटलाची मुलगी आर्ची पत्र्याच्या खोपटात राहते, संडासाच्या वासाने तिला कोरडे उमासे येतात, बाटल्यांच्या कारखान्यात ती कामाला लागते, तेलुगू शिकते. पारधी समाजातला परश्या, ज्याच्यावर आपण पूर्वार्धात जीव टाकलेला असतो, तिच्यावर संशय घेतो आणि हातही उचलतो. मग ती चिडते, निघते, परत येते. स्कूटर येते, लेकरू होतं, फ्लॅट बघायला जातात. ज्याला हे रटाळ वाटतं त्याने स्वतःचा संसार एकदा आठवून पाहावा.

हा रटाळपणा हवा होता. प्रेमात पडलेल्या दोन कोवळ्या पोरांना मारलं तर बघणारा हळहळतो आणि घरी जातो. इथं मारलं जातं ते प्रेम नव्हे, चालता संसार. दारात रांगोळी आहे, गॅसवर चहा आहे, माहेरून आलेल्या भेटवस्तू आहेत. तासभर आपण त्या संसाराचा हिशेब मांडलेला असतो, म्हणून शेवटी आवाज बंद होतो तेव्हा थिएटरात कुणाला हलता येत नाही.

आता जरा बाहेर बघू. युरोपात स्थलांतरित कुटुंबांतल्या ‘इज्जतीच्या’ खुनांवर बरेच सिनेमे निघाले. जर्मनीतला २०१० सालचा ‘डी फ्रेम्डे’ त्यातला गाजलेला. तुर्की वंशाची तरुणी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलाला घेऊन इस्तंबूलहून बर्लिनला माहेरी येते, माहेर तिला घेत नाही, आणि शेवटी भावाच्या हातून भलतंच होऊन बसतं. त्यामागे २००५ साली बर्लिनच्या बसथांब्यावर भावाने गोळ्या घातलेल्या ‘हातून सुरुजू’ नावाच्या तरुणीच्या खुनाची सावली आहे. सिनेमा चांगला आहे, सिबेल केकिलीचं काम तर फारच. पण त्याची मांडणी एका ठरलेल्या वाटेने जाते: घरात जुना देश, दाराबाहेर नवा देश, आणि मधे चिरडलेली मुलगी. बाप रडतो, आई रडते, भाऊ थरथरतो. सगळे रूढीपुढे लाचार. बघणारा जर्मन मनात म्हणतो, यांची संस्कृतीच तशी.

आणि आपण तो सिनेमा बघितला तर काय म्हणतो? तेच. हे तिकडचं, त्यांच्यातलं. फार तर हरियाणातल्या खाप पंचायतींचं. महाराष्ट्र पुरोगामी आहे, फुले-शाहू-आंबेडकरांचा आहे. हे वाक्य आपल्याकडे भाषणाच्या सुरुवातीला असतं आणि पुढे कुणी त्याचा पुरावा मागत नाही.

‘सैराट’ हा युक्तिवाद मुळासकट उपटतो, आणि तेही भाषण न करता. यात स्थलांतर मारणाऱ्यांनी केलेलं नाही, मरणाऱ्यांनी केलं आहे. परक्या गावात गोंधळलेला, ओळख हरवलेला बाप इथं कुठे आहे? आर्चीचे वडील तात्या आपल्या गावात आहेत. शिक्षणसंस्था, राजकारण, पोलीस, गाड्या, माणसं सगळी हाताशी आहेत. मुलगी गेल्यावर त्यांचं वजन घसरतं, आणि ती घसरण भरून काढायला त्यांचा मुलगा प्रिन्स हैदराबाद गाठतो. संस्कृतींच्या संघर्षाचा इथं काही संबंध नाही. सत्तेचा हात किती लांब पोचतो, एवढाच प्रश्न आहे. पोलीस ठाण्यातला प्रसंग आठवा. मुलांवर खोटी फिर्याद तयार होते आणि आर्चीच ती उधळून लावते. हा प्रसंग ज्याला कळला त्याला रूढी-परंपरेची व्याख्यानं ऐकायची गरज नाही.

नवं शहर म्हणजे सुटका, हाही या सिनेमांचा लाडका समज. हैदराबादेत जातपात नाही असं थोडंच आहे! त्याच तेलंगणातल्या मिर्यालगुड्यात १४ सप्टेंबर २०१८ला दलित जावयाचा, गरोदर बायकोसमोर, दवाखान्याच्या बाहेर खून झाला. सुपारी दिल्याचा आरोप मुलीच्या बापावर होता. खटल्याचा निकाल लागायला मार्च २०२५ उजाडला, आणि तोवर त्या बापाने आत्महत्या केली होती. या घटनेवर राम गोपाल वर्मांनी ‘मर्डर’ नावाचा सिनेमा काढला. त्याचं पहिलं पोस्टर २०२० साली फादर्स डेला झळकलं. मुद्दा कुणाच्या बाजूने मांडायचा हे दिवस निवडण्यातच ठरलं होतं. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना सिनेमा थांबवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघतो, यावर अशा सिनेमांची लायकी ठरते असं मला वाटतं. बनाज महमूद ही लंडनमधली इराकी कुर्द घरातली विशीची मुलगी. आपल्या जिवाला धोका आहे असं तिने पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि जानेवारी २००६ मध्ये तिचा खून झाला. आयटीव्हीने २०२० साली त्यावर ‘ऑनर’ ही दोन भागांची मालिका केली, तिची नायिका तपास करणारी गोरी पोलीस अधिकारी. बनाज जवळपास पडद्याबाहेर. त्याच प्रकरणावर दिया खान यांनी २०१२ साली माहितीपट केला, त्यात बनाजने पोलिसांसमोर दिलेला जबाब तिच्याच तोंडून ऐकू येतो. दोन्ही बघा म्हणजे फरक सांगावा लागणार नाही. आपल्या हिंदीवाल्यांनी २०१८च्या ‘धडक’ या ‘सैराट’च्या हिंदी अवतारात वेगळी चोरी केली. करमाळ्याचं उदयपूर झालं, हैदराबादचं कोलकाता झालं आणि जात वाटेत कुठेतरी उतरून गेली. उरलं ते श्रीमंत बाप आणि गरीब मुलगा, जे हिंदी सिनेमा पन्नास वर्षं दाखवतोच आहे.

आता नेहमीचा आक्षेप. अशा सिनेमांनी पोरं बिघडतात, आणि मारणाऱ्यांनाही कल्पना मिळते. हे म्हणणाऱ्यांनी जरा तारखा बघाव्यात. सोनईत तीन दलित तरुणांचं हत्याकांड झालं जानेवारी २०१३ मध्ये. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला एप्रिल २०१४ मध्ये मारून झाडाला टांगलं. खर्डा काही लांब नाही, करमाळ्याला लागूनच जामखेड तालुका. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा राहत्या घरात खून झाला डिसेंबर २०१५ मध्ये, आरोपी मुलीचे भाऊ. तेव्हा ‘सैराट’ लागायला चार महिने होते आणि दोन महिन्यांतच तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. सिनेमाने खुनाकडून घेतलं, खुनाने सिनेमाकडून नव्हे. तरीही आजही असा खून झाला की बातमीच्या मथळ्यात ‘सैराट’ येतो. गुन्हेगाराचं नाव आतल्या पानावर आणि सिनेमाचं मथळ्यात! आणि पोरी बिघडण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे मुलीचं कॉलेज बंद करायला सिनेमा लागत नाही, शेजाऱ्याचा एक फोन पुरतो.

‘सैराट’वर माझी एक तक्रार आहे, आणि ती ताणल्याची नाही. हा सिनेमा लवकर संपतो. लेकरू रडत बाहेर जातं आणि पडदा काळा. पण खऱ्या आयुष्यात गोष्ट तिथं सुरू होते. फिर्याद कोण देणार, साक्षीला कोण उभं राहणार, गावात कुणाच्या घरचं पाणी बंद होणार. तमिळनाडूत उडुमलपेटला मार्च २०१६ मध्ये नवऱ्याला डोळ्यांदेखत मारलं गेल्यावर कौसल्या वाचली, आणि जन्मदात्यांविरुद्ध न्यायालयात उभी राहिली. खालच्या न्यायालयाने २०१७ साली बापाला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०२० साली त्याला सोडलं. यात नाट्य नाही असं कुठला पटकथाकार म्हणेल? शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ला जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, हेल्पलाइन, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा असे आदेश दिले. आर्ची-परश्याला तेव्हा असला निवारा कुणी दिला असता? सिनेमात तो दिला डोसे विकणाऱ्या एका बाईने.

तेव्हा नव्या लेखक-दिग्दर्शकांना, विशेषतः आमच्या सोलापूर-नगर भागातल्या पोरापोरींना, एक विनंती आहे. विहीर, उजनी, बुलेट झालं. आता खुनानंतरचा सिनेमा करा. त्याची सुरुवात नगरच्या सत्र न्यायालयात होऊ शकते, नोव्हेंबर २०१७ मध्ये. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते आणि त्या महिन्यात आरोपी निर्दोष सुटले.