धमकीच्या मेसेजखालचे नाव हा पुरावा नव्हे

शाळा, न्यायालय, विमानतळ किंवा रेल्वे स्थानक उडवून देण्याची धमकी ही आता रोजची बातमी झाली आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विमान कंपन्यांना बॉम्बच्या ९९९ खोट्या धमक्या आल्या. त्यातल्या बहुतांश ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या होत्या. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य छापून येते: "तपासणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही." आम्हाला प्रश्न पडतो तो या वाक्याच्या आधी आणि नंतर काय घडते याचा.

आधी पोलिसांची बाजू पाहू. फोन, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला की नियंत्रण कक्ष स्थानिक ठाण्याला कळवतो. बॉम्ब शोधक व नाशक पथक आणि श्वान पथक निघते, गरजेप्रमाणे अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकाही येते. परिसर रिकामा करून कोपरा न् कोपरा तपासला जातो. विमानतळावर यासाठी वेगळी समिती असते. धमकी ठोस आहे की मोघम, हे ती ठरवते आणि त्यावर पुढची कारवाई अवलंबून असते. शंभर धमक्या खोट्या निघाल्या तरी एकशे एकावी खोटीच असेल असे गृहीत धरण्याची मुभा पोलिसांना नाही.

हे बौद्धांना वेगळे सांगायला नको. ७ जुलै २०१३ च्या पहाटे बोधगयेत महाबोधी महाविहार आणि परिसरात साखळी स्फोट झाले, दोन भिक्खू जखमी झाले. जानेवारी २०१८ मध्ये तिथेच पुन्हा जिवंत बॉम्ब सापडले. दोन्ही प्रकरणांत राष्ट्रीय तपास यंत्रणेने तपास केला आणि न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. त्यामुळे "पोलीस उगाच बाऊ करतात" असे आम्ही म्हणणार नाही.

आमची चिंता पुढच्या टप्प्याची आहे. धमकी देणारा कोण, हे ठरवण्याची घाई कोणाच्या मुळावर येते?

सप्टेंबर २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या हेल्पलाइनवर मेसेज आला. ३४ गाड्यांत मानवी बॉम्ब आहेत, ४०० किलो आरडीएक्स आहे, १४ पाकिस्तानी दहशतवादी शहरात शिरले आहेत, असा दावा त्यात होता. मेसेज पसरताच समाजमाध्यमांवर कोणत्या समाजाकडे बोटे दाखवली गेली, ते सर्वांनी पाहिले. पोलिसांनी नोएडातून ज्याला पकडले तो भविष्य सांगणारा निघाला. जुन्या वैरातून एका मुस्लिम परिचिताला अडकवण्यासाठी त्याने हा मेसेज पाठवला, असे पोलिसांनी सांगितले.

ऑक्टोबर २०२४ चे प्रकरणही तसेच आहे. मुंबईहून निघालेल्या तीन विमानांना धमकी आली आणि न्यूयॉर्कला जाणारे विमान दिल्लीत उतरवावे लागले. तपास पोहोचला छत्तीसगडमधल्या राजनांदगावच्या १७ वर्षांच्या मुलापर्यंत. पैशाच्या वादातून त्याने मित्राच्या नावाने खाते उघडून धमक्या दिल्याचे समोर आले.

दोन्ही घटनांचा धागा एकच आहे. खोटी धमकी हे आता दुसऱ्याला गोवण्याचे हत्यार झाले आहे. हे हत्यार चालते, कारण काही नावे ऐकताच समाज विश्वास ठेवायला तयारच असतो. संशय कोणाला चिकटतो, हे आपल्या समाजात जात, धर्म आणि वस्ती पाहून ठरते. २०१३ च्या बोधगया स्फोटानंतरही घटनास्थळी ओळखपत्र सापडले म्हणून एका माणसाला ताब्यात घेतले गेले. चौकशीअंती त्याला सोडावे लागले. अशा माणसाचे गावातले नाव कोण परत करणार?

मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मधली दहा वर्षे त्यांना कोणीही परत दिली नाहीत. खोटी धमकी देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेनुसार शिक्षा आहे आणि ती व्हायलाच हवी. पण अटकेचे कारण जाणून घेणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क आहेत. साधारण गुन्ह्यात अटक झालेल्या कोणालाही ते मिळतात, मग त्याचे आडनाव काहीही असो.

आता आपल्या घरचा प्रश्न. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. बोचके, पिशवी, वळकटी घेऊन येतात, मैदानात झोपतात, सामान ठेवून रांगेत जातात. गरिबाचे गाठोडे आणि 'बेवारस संशयास्पद वस्तू' यांतला फरक नेहमी पोलिसांना कळेलच असे नाही. तो स्वयंसेवकांना कळतो. म्हणून समता सैनिक दल आणि स्थानिक मंडळांनी पोलिसांसोबत आधीच बैठक घेऊन सामान ठेवण्याची जागा, घोषणा करण्याची पद्धत आणि संपर्काची माणसे ठरवावीत.

बेवारस वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, हलवू नये, उघडून पाहू नये. लोकांना शांतपणे दूर न्यावे. ११२ वर फोन करून नेमकी जागा सांगावी. "बॉम्ब, बॉम्ब" असे ओरडू नये. गर्दीत चेंगराचेंगरीने जाणारे जीव स्फोटाने जाणाऱ्या जिवांइतकेच मोलाचे आहेत. आणि ग्रुपवर आलेला धमकीचा मेसेज, त्यातही कोणाचे नाव किंवा फोटो असलेला, पुढे पाठवू नये.

पोलिसांकडे आमची मागणी साधी आहे. तांत्रिक पुरावा हाती येईपर्यंत कोणाचे नाव, धर्म किंवा वस्ती माध्यमांना सांगू नका. धमकी खोटी निघाली की जितक्या मोठ्याने शोधमोहीम जाहीर केली, तितक्याच मोठ्याने तेही जाहीर करा. ज्याला चुकून ताब्यात घेतले, तो निर्दोष आहे हे लेखी द्या. पोलिसांवर विश्वास ठेवा असे आम्ही तरुणांना सांगायचे असेल, तर एवढे तरी व्हायला हवे.

जयभीम!