कमावलेलं कातडं

मराठीत आपण पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडंही कमावतो. हे तिसरं ‘कमावणं’ आपल्यापैकी बहुतेकांच्या डिक्शनरीतून कधीच उडालंय. आजचं लिखाण त्याच्यावर आहे. विषय जरा विचित्र वाटेल, पण धीर धरा मंडळी.

घोलवडच्या अलीकडे एका मित्राची चिकूची वाडी आहे. झाडांखालच्या पिंजऱ्यांत त्याने न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे पाळलेत, मांसासाठी. (रानातला ससा वेगळा. त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) मांस विकलं जातं, कातडी खड्ड्यात पुरली जातात. हल्ली मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना त्या कातड्यांत इंटरेस्ट असतो. ‘नॅचरल पद्धतीने कमावून दे ना!’ अशी फर्माईश होते आणि किंमत ऐकली की चेहरे पडतात. ‘एवढ्याशा कातड्याला एवढे? साल तर फुकटच मिळते की जंगलात!’

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे.

आधी थोडं केमिस्ट्री. कच्चा चिकू खाल्लाय कधी? तोंड आवळून येतं. चिकूतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून ते होतं. कातड्यात हेच होतं. कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. बाभळीच्या किंवा ऐनाच्या सालीत आणि हिरड्याच्या फळात टॅनिन भरपूर असतं. ते या तंतूंना जाऊन चिकटलं की कातडं सडत नाही. तुरटी आणि मीठ वापरूनही सशाचं कातडं तयार होतं, केसही पांढरे राहतात, पण पाण्यात भिजलं की तुरटी धुऊन जाते. सालीचा रंग केसांना लागतो, पण ती टिकते. सगळ्याला काही ना काही किंमत मोजावी लागते, आपल्या आर्किटेक्चरच्या डिसिजनसारखीच.

पण इथवर झालं तरी हातात येतं ते मऊ कातडं नव्हे. तसंच वाळवलं तर त्याचा पापड होतो. पाणी उडून जाताना ओले तंतू एकमेकांना चिकटतात आणि गोंद लावल्यासारखे घट्ट बसतात. ते चिकटू नयेत म्हणून आतल्या बाजूला तेल किंवा अंड्यातला पिवळा बलक चोळायचा. मग कातडं अर्धवट ओलं असतानाच ताणायला घ्यायचं. लाकडी पाटाच्या बोथट कडेवर उभं, आडवं, तिरकं घासत राहायचं, पूर्ण सुकेपर्यंत. ताणलेला भाग हळूहळू फिकट आणि लुसलुशीत होत जातो. घाई केली की सशाचं पातळ कातडं टर्रकन फाटतं आणि हात थांबवला की कडक होतं. कडक झालंच तर पुन्हा ओलसर करून पहिल्यापासून! वाडीवर एका रविवारी मी हे केलं. एका कातड्याला साडेतीन तास गेले. ते मऊ झालं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला माउस धरवत नव्हता.

थोडक्यात काय, टिकाऊपणा सालीतून येतो आणि मऊपणा मनगटातून. ‘नॅचरल’ या लेबलवर साल दिसते, मनगट दिसत नाही.

आणि हे मनगट आपल्याकडे कधीच ‘कोणाचंही’ नव्हतं. महाराष्ट्रात कातडं कमावायचं काम ढोर समाजाच्या गळ्यात घातलं गेलं आणि त्यापासून वस्तू बनवायचं चर्मकारांच्या. कोल्हापुरी चपलेचं कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगण्याची जुनी रीत आहे. हे प्रोसेस इंजिनिअरिंगच की! पण ज्यांना ते येत होतं, त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं सोडा असं सांगितलं, त्यामागे हाच अपमान होता. कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी जन्माने ब्राह्मण असूनही मेलेली गुरं सोलायचं काम स्वतः हाती घेतलं, तेव्हा ते समाजाच्या दृष्टीने अघटितच होतं. आज तेच काम मी वीकेंडला केलं की तो ‘कूल’ छंद होतो. मला कोणी विहिरीवरून हाकलत नाही. हा फरक विसरून ‘आपली प्राचीन नैसर्गिक परंपरा’ वगैरे बोलणं मला ढोंग वाटतं.

बरं, नॅचरल म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. जगातलं बहुतेक कातडं आज क्रोमने कमावलं जातं आणि त्याच्या सांडपाण्याच्या कहाण्या आपण ऐकतो. पण झाडाची साल सगळीकडून गोल सोलली तर झाड मरतं, आणि सालीचं काळं पाणी ओढ्यात ओतलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालाय. तिथे शंभर पाहुण्यांनी शंभर ऐन सोलायचे का? त्यापेक्षा हिरडा विकत घ्यावा. फळ गोळा होतं, झाड उभं राहतं आणि वेचणाऱ्याला दोन पैसे मिळतात.

मग करायचं काय? डहाणूनेच एक रस्ता दाखवलाय. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं हे जगाला कळलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी बिननावाचे वारली मग रस्त्यारस्त्यावर विकले जातात, तो भाग वेगळा. कोल्हापुरीला 2019 मध्ये मानांकन मिळालं, पण 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल तिचं मूळ न सांगता दाखवली आणि ओरड झाल्यावरच प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. म्हणजे नुसतं मानांकन पुरत नाही. विकत घेणाऱ्याने विचारावं लागतं, की हे कोणी केलं, किती तासांत आणि त्यातले किती पैसे त्याला पोचले?

डहाणू-तलासरीत ससेपालनाबरोबर कातडं कमावण्याचं प्रशिक्षण मिळालं आणि ते जातीवरून नाही तर इच्छेवरून मिळालं, तर खड्ड्यात जाणाऱ्या मालाचं उत्पन्न होईल. पण त्याला अट एकच. गिऱ्हाइकाने तासांचे पैसे द्यावेत. आपण स्वतः क्लायंटला तासावर बिल लावतो, टाइमशीट भरली नाही तर मॅनेजर ओरडतो. मग पाटाच्या कडेवर घासत बसलेल्या माणसाचे साडेतीन तास ‘परंपरा’ या खात्यात फुकट का टाकायचे?

कमावणाऱ्याला काही कमवता आलं, तरच मराठीतला तो शब्द खरा.