संकल्प... पुढच्या सेमपासून!

एक जानेवारीला पहाटे साडेपाचला आपलं ग्राउंड कधी पाहिलंय? मी पाहिलंय, कारण मीही तिथे होते. नवे कोरे शूज, कानटोप्या, तोंडातून वाफा... नुसत्या मुलींच्या हॉस्टेलमधून आम्ही चौदा जणी! संक्रांतीचा तिळगूळ वाटेपर्यंत तिघी उरल्या, आणि सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला तर रेक्टर मॅडमना दारं ठोठावून आम्हाला उठवावं लागलं. ग्राउंडवर उरले फक्त वॉचमन काका आणि त्यांच्या मागेमागे फिरणारी कुत्री.

संकल्प करण्यात मी तशी तरबेज. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली असते. पहाटे उठणे, जर्नल रोजच्या रोज लिहिणे, मॅगी बंद, दहानंतर मोबाईल बंद आणि सगळ्यात शेवटी 'मराठी सुधारणे'. हा शेवटचा मुद्दा तीन वर्षं जागचा हललेला नाही. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे पास होण्यापुरता विषय. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, ह्यावर मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. (हसा खुशाल, तुमच्यातले निम्मे माझ्याच पंथाचे आहेत.)

संकल्प मोडला की आपण म्हणतो, 'आपल्यात विलपॉवरच नाही'. मला हे अजिबात पटत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री सहा-सहा शीट्स पूर्ण करणाऱ्यांमध्ये विलपॉवर नाही? खंडीभर आहे! अडचण वेगळीच आहे. आपल्या संकल्पाला ना वेळ असते, ना जागा. 'मराठी सुधारणे' म्हणजे नक्की काय? कधी? कुठे बसून?

घरी सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी संकल्प सोडायला लावतात, तो आठवा. लहानपणी मला तो भयंकर कंटाळवाणा वाटायचा. गोदावरीचं कुठलं तीर, कुठला संवत्सर, कुठला महिना, पक्ष, तिथी, वार, कर्त्याचं गोत्र, नाव, आणि एवढं सगळं झाल्यावर काय करणार ते. मग हातावरून पाणी सोडायचं. आता वाटतं, त्या माणसांना अक्कल होती. कुठे, केव्हा, कोण हे ठरल्याशिवाय 'करीन' म्हणायचंच नाही! पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली ह्याच्या जवळचंच काहीतरी मांडलं. नुसतं ध्येय ठेवू नका, अमुक वेळी अमुक ठिकाणी असलो की अमुक करीन, असं आधीच ठरवा, म्हणजे ते पार पडण्याची शक्यता वाढते.

माझ्या बाबतीत हे मी ठरवलं नाही. आजीमुळे झालं.

आजीला काचबिंदू आहे. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा तिला पेपरातले फक्त मोठे मथळे दिसत होते. आयुष्यभर दुपारी पुस्तक घेऊन आडवी होणारी बाई नुसती खिडकीकडे तोंड करून बसलेली. म्हणाली, "मला जरा वाचून दाखवतेस का गं?" हातात दिली तिची जुनी 'श्यामची आई'. मी सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. जोडाक्षर आलं की गाडी बंद. वीस वर्षांची मुलगी, फाउंडेशनची डिझाइनं करणारी, आणि जिला दिसत नाही ती आजी पाठ असल्यासारखी पुढचा शब्द सुचवतेय! इतकी लाज मला केटी लागली तेव्हाही वाटली नव्हती.

हॉस्टेलला परत आल्यावर नोव्हेंबरातल्या एका साध्या मंगळवारी मी तिला फोन लावला. ना एक तारीख, ना पाडवा. रात्री मेसमधून आलं की बाटली भरायची आणि वॉटर कूलरजवळच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसायचं (रेंज तिथेच येते). दहा मिनिटं वाचायचं, बास. त्या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, त्यामुळे आमचं एकेका रात्रीचं गणित छान जमलं. मोठी रात्र असली तर दोन दिवस.

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं हीच खरी गोची आहे. '२१ दिवसांत सवय लागते' हे आपण प्रत्येक मोटिव्हेशनल लेक्चरमध्ये ऐकतो. हे २१ आले कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन होता. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली पुस्तकात लिहिलं. त्यातला 'निदान' गळाला आणि २१ राहिले! पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने २५४. म्हणजे एक जानेवारीला सुरू केलं तर कुणाचं संक्रांतीनंतर लगेच जमेल, कुणाचं गणपतीच्या सुमारास!

पण मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आणि आपण काय करतो? एक दिवस चुकला की 'झालं, आता पुढच्या सेमपासून'. पुढची सुरुवात आपल्याला नेहमीच आजच्यापेक्षा स्वच्छ दिसते. नव्या वहीचं पहिलं पान सुंदर अक्षरात, चौथ्या पानापासून कोंबडीचे पाय... सगळ्यांच्या वह्या बघा.

आम्हा सिव्हिलवाल्यांना 'क्रीप' शिकवतात. भार थोडाच, पण सतत, वर्षानुवर्षं राहिला तर काँक्रीट कायमचं वाकतं. आमच्या खोलीतली नायलॉनची दोरी बघायला या. ती कुणी एकदा जोर लावून ओढलेली नाही. रोजच्या ओल्या कपड्यांनी झोळी झालीय तिची.

असो. जाता जाता स्टाफला एक नम्र विनंती. जानेवारीतलं मोटिव्हेशनल लेक्चर नाही ठेवलंत तरी चालेल, पण स्टडीरूमचं कुलूप रोज रात्री नऊला न चुकता उघडलं जाईल एवढं बघा. वेळ आणि जागा तुम्ही द्या, आम्ही येऊन बसतो.

प्रॅक्टिकल्सच्या आठवड्यात माझे सलग चार दिवस बुडाले. (लॅलीबाईंनी एखादाच दिवस म्हटलंय, चार नव्हे, मला माहीत आहे.) आजीला काय तोंड दाखवायचं? मनात आलंच, आता एक जानेवारीपासून नीट, रोज. पाचव्या रात्री मेसमधून आले, बाटली भरली, आणि सवयीने पायरीवर टेकले. बसलेच आहे तर लावला फोन. कारणं तयार होती... एक्स्टर्नल, ओरल्स, डोकेदुखी. आजीने एकही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "हं, कुठवर आलो होतो गं आपण?"